विश्लेषण : एल्कहार्टमध्ये बेरोजगारीचा दर इतके हेलकावे का खातो?

जेमतेम दोन लाख लोकवस्तीच्या एका अमेरिकी महानगर क्षेत्रात बेरोजगारीचा दर २००९ मध्ये २० टक्क्यांच्या घरात होता. २०१८ मध्ये तो २ टक्क्यांच्या आसपास आला आणि एप्रिल २०२० मध्ये ३० टक्क्यांच्या जवळ गेला. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट-गोशेनमध्ये असे का घडते, याविषयी...

शहर कशावर चालते?

‘आरव्ही’ म्हणजे फिरत्या घरांवर. मोटारीला जोडून ओढायची किंवा स्वतःच्या इंजिनावर चालणारी ही घरे. अमेरिकेत बनणाऱ्या आरव्हींपैकी सुमारे ८० टक्के याच परिसरात तयार होतात. थॉर इंडस्ट्रीज आणि फॉरेस्ट रिव्हर या दोन मोठ्या कंपन्यांची मुख्यालये एल्कहार्टमध्येच आहेत. खिडक्या, फर्निचर, नळजोडणीचे साहित्य पुरवणारे कारखानेही त्यांच्याच ऑर्डरवर अवलंबून असतात.

मंदीचा फटका आधी इथेच का?

आरव्ही ही गरज नव्हे, हौस आहे आणि ती बहुधा कर्ज काढून भागवली जाते. व्याजदर वाढले किंवा नोकरीची धास्ती वाटू लागली, की ग्राहक पहिल्यांदा हीच खरेदी लांबणीवर टाकतो. विक्रेत्यांकडे माल पडून राहतो आणि नव्या ऑर्डर थांबतात. २००६ मध्ये अमेरिकेत सुमारे ३ लाख ९० हजार आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या. २००९ मध्ये जेमतेम १ लाख ६५ हजार. तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा फेब्रुवारी २००९ मध्ये आर्थिक पॅकेजचे समर्थन करण्यासाठी एल्कहार्टला आले, ते यामुळेच.

करोनाकाळात काय झाले?

टाळेबंदीत कारखाने बंद पडले आणि दर एकदम उसळला. पण विमान आणि हॉटेल टाळणाऱ्या लोकांनी नंतर आरव्हींवर उड्या टाकल्या. २०२१ मध्ये ६ लाखांहून अधिक आरव्हींचा विक्रम झाला. एल्कहार्टमधील दर २ टक्क्यांखाली आला आणि कारखान्यांना माणसे मिळेनाशी झाली.

मग सारे आलबेल आहे?

नाही. २०२२ मध्ये सुमारे ४ लाख ९३ हजार असलेले उत्पादन २०२३ मध्ये ३ लाख १३ हजारांवर घसरले. तरीही बेरोजगारीचा दर दोन अंकी झाला नाही. याचे एक कारण मोजणीतच आहे. आठवड्यात थोडे तास काम मिळाले तरी व्यक्ती ‘रोजगारात’ धरली जाते. कामाचे दिवस पाचऐवजी तीन झाले, तर घरात येणारा पैसा आटतो. दर मात्र हलत नाही. इथे अनेक कामगारांना नगावर मजुरी मिळते, त्यामुळे ही झळ अधिकच बसते. शिवाय हा दर राहत्या ठिकाणानुसार मोजतात. शेजारच्या काउंटीतून कामाला येणाऱ्याची नोकरी गेली, तर त्याची नोंद एल्कहार्टच्या आकड्यात होत नाही. काम शोधणे सोडून दिलेली व्यक्ती तर बेरोजगारांच्या मोजणीतूनच बाहेर पडते.

भारतात असा आकडा मिळतो का?

अमेरिकेचा कामगार सांख्यिकी विभाग लहान महानगरांचाही दर दरमहा जाहीर करतो. भारतातील नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाचे मासिक अंदाज २०२५ पासून येऊ लागले आहेत. पण ते देशपातळीवरचे आहेत. यंत्रमागावर जगणाऱ्या इचलकरंजी किंवा मालेगावचा असा मासिक दर त्यांतून कळत नाही. तिथली मंदी आकड्यांत दिसण्याआधी बंद पडलेल्या मागांवरून आणि गावी परतणाऱ्या कामगारांवरूनच ओळखावी लागते.