मध्यदृष्टीचा ऱ्हास आणि उरलेली दृष्टी

लोकव्यवहारात माणसांचे ‘डोळस’ आणि ‘आंधळे’ असे दोनच वर्ग कल्पिले जातात. दृष्टिपटलाच्या मध्यभागास विकार जडलेली व्यक्ती या दोहोंपैकी कोणत्याच वर्गात बसत नाही. तिच्या हालअपेष्टांचा बराचसा भाग विकारापेक्षा या ढोबळ वर्गीकरणातूनच उद्भवतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

दृष्टिपटलाच्या मध्याजवळ सुमारे 5.5 मिलिमीटर व्यासाचा पिवळसर भाग असतो. त्यास पीतबिंदू म्हणतात. त्याच्या मधोमध असलेल्या लहानशा खळग्यात शंकू नावाच्या प्रकाशग्राही पेशींची सर्वाधिक दाटी असते. वाचन, सुईत दोरा ओवणे, चेहरा ओळखणे ही सूक्ष्म कामे याच भागावर अवलंबून असतात. भोवतालच्या विस्तीर्ण भागात शलाका पेशींचे प्राबल्य असून अंधुक उजेडातील वस्तू, हालचाल आणि आजूबाजूच्या जागेचे भान त्या भागाकडून मिळते. उतारवयात पीतबिंदूचा ऱ्हास होतो तेव्हा पहिले कार्य खंडित होते, दुसरे बहुधा शाबूत राहते. तारुण्यातही आनुवंशिक कारणाने असाच विकार जडू शकतो. कार्ल स्टारगार्ट या जर्मन नेत्रवैद्याने 1909 साली त्याचे वर्णन केले.

शिरूर तालुक्यातील न्हावरे या शिरूर-चौफुला मार्गावरील गावातला एखादा वृद्ध ऊस-बागायतदार उदाहरणादाखल कल्पून पाहू. उसाच्या बांधावरून तो न अडखळता चालेल. बाजूने येणारे जनावर त्याला जाणवेल. मात्र समोर उभे राहून रामराम घालणाऱ्या सोयऱ्याचा चेहरा, सातबाऱ्यावरील अक्षरे किंवा एस. टी.ची पाटी त्यास दिसणार नाही. ‘वाट दिसते, मग माणूस कसा दिसत नाही?’ हा प्रश्न गावाला पडतो आणि त्याचे उत्तर गाव त्याच्या स्वभावात शोधते. त्यास कोणी गर्विष्ठ म्हणतो, कोणी ढोंगी. समोरच्याकडे न पाहता किंचित बाजूला पाहण्याची त्याची लकब उद्धटपणाची मानली जाते. वस्तुतः निकामी मध्यभाग टाळून शेजारच्या निरोगी भागाने पाहण्याची ती युक्ती होय. दृष्टिपुनर्वसनात ती हेतुतः शिकविली जाते.

दुसरा गैरसमज अधिक हानिकारक आहे. म्हातारपणातील प्रत्येक अंधुकपणा मोतीबिंदूच्या खाती जमा होतो आणि तो ‘पिकण्याची’ वाट पाहिली जाते. मोतीबिंदू हा नेत्रभिंगाचा विकार असून शस्त्रक्रियेने दूर होतो. पीतबिंदूचा ऱ्हास दृष्टिपटलाचा आहे. त्याच्या आर्द्र प्रकारात नाजूक रक्तवाहिन्या फुटून वा पाझरून थोड्याच काळात दृष्टी जाऊ शकते. डोळ्यात टोचावयाच्या औषधांनी हा प्रकार बऱ्याच रुग्णांत आटोक्यात ठेवता येतो, परंतु विलंबामुळे गमावलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. एकेक डोळा झाकून दाराची चौकट किंवा विजेचा खांब पाहावा. सरळ रेषा वाकडी दिसू लागल्यास विनाविलंब नेत्रतज्ज्ञ गाठावा. स्विस नेत्रवैद्य मार्क आम्सलर यांच्या चौकटींच्या तक्त्यामागील तत्त्व हेच.

काही रुग्णांना नसलेली माणसे, आकृत्या वा नक्षी दिसतात. जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स बोने यांनी 1760 साली आपल्या आजोबांचा असा अनुभव नोंदविला. डोळ्यांकडून येणारे संदेश घटले असता मेंदूच चित्रे निर्माण करतो, अशी त्याची उपपत्ती आहे. हे वेड नव्हे, बाधाही नव्हे. परंतु त्याच भयाने रुग्ण हे घरात बोलून दाखवीत नाही.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ‘अल्पदृष्टी’ हा स्वतंत्र वर्ग मानला आहे. उत्तम चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी 6/18 ते 3/60 या मर्यादेत असणे, किंवा दृष्टिक्षेत्र 40 अंशांहून कमी होऊन 10 अंशांपर्यंत आकुंचित होणे, असे दोन पर्यायी निकष त्यात आहेत. तीक्ष्णता आणि विस्तार या भिन्न गोष्टी आहेत, हे कायद्याने ओळखले. समाजाने अद्याप ओळखावयाचे आहे.

यास फारसा खर्च लागत नाही. भिंग, भरपूर उजेड, ठळक काळी अक्षरे यांनी पुष्कळ कामे सुकर होतात. आणि भेटणाऱ्याने आधी आपले नाव सांगितले, तर वृद्धाचा मान राहतो व संबंधही तुटत नाहीत.