पक्षाघातानंतरचा थकवा
पक्षाघातातून सावरलेला रुग्ण घरी परततो, हातपाय चालू लागतात. तरी नुसत्या आंघोळीनेही तो गळून जातो. घरच्यांना तो आळस वाटतो. भौतिकोपचार विभागात येणाऱ्या कुटुंबीयांना आम्ही आवर्जून सांगतो की, हा थकवा आजाराचाच भाग असून सुमारे निम्म्या रुग्णांत आढळतो. झटका सौम्य असला तरीही. झोपेने तो पुरता जात नाही. त्यावर खात्रीचे औषध अद्याप नाही. मात्र रक्तक्षय, थायरॉईडचे विकार, झोपेत श्वास अडखळणे व नैराश्य यांची तपासणी अवश्य करावी. त्यांवर उपचार आहेत. व्यायाम थोडा पण नेमाने, आणि विश्रांती दमण्यापूर्वीच. भेटीस येणाऱ्यांच्या गप्पांनीही रुग्ण थकतो; आप्तेष्टांना बाहेरच्या खोलीतूनच चहा देऊन निरोप द्यावा लागला, तरी संकोच करू नये.