गाण्याला शेवटची चव!

सांग बरं, दातांच्या डॉक्टरांच्या ड्रिलचा घुर्रर्र आवाज गाण्यात चालेल का?

चालतो की! बिली आयलिश या अमेरिकन गायिकेच्या ‘बरी अ फ्रेंड’ या गाण्यात तो खरंच आहे. तिच्या ‘बॅड गाय’मध्ये तर ऑस्ट्रेलियातल्या रस्ता ओलांडायच्या सिग्नलची टकटक लपली आहे!

याहून मोठी गंमत सांगू? ही गाणी ज्या अल्बममध्ये आहेत, तो बराचसा तयार झाला लॉस एंजेलिसमधल्या एका साध्या घरात. बिलीचा भाऊ फिनिअस याच्या झोपायच्या खोलीत! 2019 मध्ये अल्बम आला तेव्हा बिली अवघी 17 वर्षांची होती. 2020 मध्ये त्याला वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ग्रॅमी पुरस्कारही मिळाला.

पण शेवटचं काम मात्र या भावाबहिणीने स्वतः केलं नाही. ते केलं जॉन ग्रीनहॅम यांनी. त्या कामाला म्हणतात मास्टरिंग.

म्हणजे काय? आमटी आठव! डाळ शिजली, फोडणी बसली, गूळ-आमसूल पडलं. आता त्यातून गूळ वेगळा काढता येईल? छे! पण एक चमचा चाखून चिमूटभर मीठ नक्कीच घालता येतं. मास्टरिंग अगदी तसंच. गाणं, तबला, गिटार सगळं एकजीव झालेलं असतं. आता फक्त शेवटची चव बघायची.

आणि ती दुसऱ्याने का बघायची? तासभर शेगडीपाशी उभ्या असलेल्या माणसाला फोडणीचा वास जाणवेनासा होतो. बाहेरून आलेल्याला मात्र दारातच कळतो! कानांचंही तसंच होतं. एकच गाणं शंभरदा ऐकलं, की त्यातलं खटकणारं काही खटकतच नाही.

ही चव बघताना हाताशी असतात प्लगिन. प्लगिन म्हणजे कॉम्प्युटरवरच्या संगीताच्या प्रोग्रॅमला जोडायचा छोटासा प्रोग्रॅम. इक्वलायझर जाड-बारीक आवाज कमी-जास्त करतो. कॉम्प्रेसर एकदम मोठे झालेले आवाज जरा खाली आणतो, म्हणजे हळू आवाजही नीट ऐकू येतात.

आणि लिमिटर? त्याचं काम भारी आहे! कॉम्प्युटर आवाज आकड्यांत साठवतो. सीडीवर एका सेकंदात किती आकडे असतील, ओळख पाहू! डाव्या कानासाठी 44,100 आणि उजव्या कानासाठी आणखी 44,100! पण प्रत्येक आकड्याला कमाल मर्यादा असते. आवाज तिच्यावर गेला, तर लाटेचा शेंडाच कापला जातो आणि ऐकू येतं कर्रर्र! लिमिटर शेंडा तिथे पोचायच्या आधीच त्याला खाली दाबतो.

एका प्लगिनची जन्मकथा तर मला फारच आवडते. अँडी हिल्डेब्रँड नावाचे शास्त्रज्ञ जमिनीत ध्वनिलहरी सोडून, परत आलेल्या लहरींवरून तेल कुठे आहे ते शोधायला मदत करायचे. तसलंच गणित त्यांनी गळ्याला लावलं आणि 1997 मध्ये बेसूर स्वर सुरात आणणारा ऑटो-ट्यून आला. तेल शोधणारं गणित गाणं सुधारायला लागलं!

आता तुझ्या कानांची एक खोडी पकडूया. मित्राला किंवा मैत्रिणीला एकच गाणं दोनदा ऐकव. दुसऱ्यांदा आवाज अगदी किंचित वाढव, पण सांगू नकोस हं! मग विचार, “कुठलं छान वाटलं?” बहुतेक वेळा उत्तर येईल, “दुसरं!” गाणं तेच, पण जरा मोठं वाजलं की आपल्याला ते जास्त भरदार वाटतं.

या खोडीपायी कित्येक वर्षं जगभर गाणी मोठी, आणखी मोठी करायची चढाओढ लागली होती! सगळंच मोठं झालं, की हळुवार जागा उरतच नाहीत. मला तर अशी गाणी ऐकून दमायला होतं. आता स्पॉटिफायसारखी गाणी ऐकवणारी अ‍ॅप मोठ्या गाण्यांचा आवाज आपोआप खाली आणतात. मग ओरडून फायदा काय?

आणि हो, प्लगिन निवडतानाही हीच खोडी फसवते! प्लगिन लावल्यावर पुष्कळदा आवाज थोडा वाढतो आणि आपण म्हणतो, “वा, काय जादू!”

म्हणून स्वतःच्या गाण्याची शेवटची चव बघायची असेल, तर सुरुवातीला विकतचं काही नको. ऑडॅसिटी हा प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि इक्वलायझर, कॉम्प्रेसर, लिमिटर त्यात आधीपासूनच आहेत. गाणं झालं की झोप काढ. दुसऱ्या दिवशी ते फोनवर ऐक, इअरफोनवर ऐक, जमलं तर गाडीतही. मग एकेक प्लगिन तपासायचं. लावण्याआधीचा आणि नंतरचा आवाज सारखाच मोठा ठेव. डोळे मीट आणि बटण दाबायला ताईला किंवा दादाला बसव. प्लगिन चालू आहे की बंद, ओळखता येतंय? नाही? मग काढून टाक की ते!