गीत कोणाचे, नाव कोणाचे? ब्लूजचे ऋण आणि रॉकची श्रेयनामावली

ज्या देशात आम्ही संसार थाटला, त्या देशाचे संगीत आमच्या मुलांच्या कानांत आता आमच्या गीतांइतकेच रुळले आहे. रोलिंग स्टोन्स, लेड झेपेलिन, एल्विस प्रेस्ली ही नावे त्यांना पाठ असतात. विली डिक्सन, रॉबर्ट विल्किन्स, मेम्फिस मिनी, आर्थर क्रुडप ही नावे घेतली, की मात्र बहुधा मौनच हाती येते. वस्तुतः पहिल्या यादीतील कलावंत दुसऱ्या यादीतील कलावंतांच्या खांद्यांवर उभे आहेत. रॉक संगीत ज्या ब्लूजमधून जन्माला आले, तो ब्लूज अमेरिकेच्या दक्षिणेत, विशेषतः मिसिसिपीच्या कापूसशेतांत, राबणाऱ्या कृष्णवर्णीय श्रमिकांनी घडविला.

उसनवारी झाली की नाही, हा वादाचा विषय नाही. ती झाली, आणि रॉक कलावंतांनी ती अनेकदा मोकळेपणाने मान्यही केली. रोलिंग स्टोन्सनी आपले नावच मडी वॉटर्स यांच्या १९५० च्या एका गीतावरून घेतले. १९६५ साली अमेरिकी दूरचित्रवाणीवर त्यांनी हाऊलिन वुल्फ यांना आग्रहाने बोलावले आणि ते गात असताना स्वतः त्यांच्या पायांशी बसले. आदर होता, यात शंका नाही. आमचा प्रश्न निराळा आहे: आदर व्यासपीठावर व्यक्त झाला, पण कागदावर नाव कोणाचे लागले?

सातबारा कोणाच्या नावावर?

शेत कोणी कसले यापेक्षा सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे, याला किती मोल असते, हे आपल्या घराण्यांना सांगण्याची गरज नाही. गीताचेही तसेच असते. अमेरिकेत रेडिओवर गीत वाजले, तर मोबदला गीतकाराला व त्याच्या प्रकाशकाला मिळतो, गायकाला नाही. दुसऱ्या कोणी तेच गीत पुन्हा गाऊन त्याच्या लाखो प्रती विकल्या, तरी मूळ गायकाच्या हाती काही पडत नाही. हक्क पोहोचतो तो गीतकाराकडे. म्हणून तबकडीच्या चकतीवर कंसात छापलेले ते बारीक नाव म्हणजे गीताचा सातबाराच होय.

आरंभीच्या ब्लूज कलावंतांना हा सातबारा क्वचितच लाभला. कंपन्या 'रेस रेकॉर्ड्स' या नावाने कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी स्वतंत्र तबकड्या काढीत आणि गायकाला बहुधा एकरकमी पैसे देऊन मोकळ्या होत. बेसी स्मिथ यांच्यासारख्या त्या काळच्या सर्वांत लोकप्रिय गायिकेलाही कोलंबिया कंपनी ठराविक रक्कम देई. विक्रीतील वाटा देत नसे. गीतांचे हक्क मध्यस्थांच्या व प्रकाशकांच्या नावे नोंदले जात. मळ्यावरील हिशेबाची वही जशी मालकाच्या ताब्यात असे, तशीच ही वहीही दुसऱ्याच्याच ताब्यात राहिली.

डिक्सन यांची पंचवीस वर्षे

विली डिक्सन १९१५ साली मिसिसिपीतील व्हिक्सबर्ग येथे जन्मले आणि पुढे शिकागोत आले. चेस रेकॉर्ड्स या कंपनीसाठी ते गीते लिहीत, बास वाजवीत आणि ध्वनिमुद्रणाची जुळवाजुळव करीत. मडी वॉटर्स आणि हाऊलिन वुल्फ यांची कितीतरी गाजलेली गीते त्यांच्याच लेखणीतून उतरली.

लेड झेपेलिनच्या १९६९ च्या पहिल्या अल्बममध्ये डिक्सन यांची दोन गीते होती आणि दोन्हींवर त्यांचे नाव होते. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या अल्बमचा आरंभ 'होल लोटा लव्ह' या गीताने झाला. त्याचे शब्द डिक्सन यांच्या 'यू नीड लव्ह' या, मडी वॉटर्स यांनी १९६२ साली गायिलेल्या गीताशी उघड नाते सांगणारे होते. गिटारची सुप्रसिद्ध धून मात्र झेपेलिनची स्वतःची होती. गीतकार म्हणून चारही वादक-गायकांची नावे छापली गेली. डिक्सन यांचे नव्हते. त्यांनी १९८५ साली दावा दाखल केला. १९८७ साली न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि पुढे त्यांचे नाव श्रेयनामावलीत आले. गीताच्या जन्मापासून हिशेब केला, तर ही पंचवीस वर्षे होतात.

डिक्सन यांचा लढा केवळ परक्या वाद्यवृंदाशी नव्हता. १९७६ साली त्यांनी आणि मडी वॉटर्स यांनी चेसशी संलग्न असलेल्या आर्क म्युझिक या प्रकाशकाविरुद्धही दावा केला होता. गीते ज्यांच्या स्वाधीन केली, त्यांच्याकडूनच हक्काचा हिशेब मागण्याची वेळ त्यांच्यावर आली.

नाव आणि मोबदला

या इतिहासात तीन प्रकारचे अनुभव दिसतात.

पहिला, नावही नाही आणि मोबदलाही नाही. धर्मोपदेशक झालेले रॉबर्ट विल्किन्स 'प्रॉडिगल सन' हे गीत गात. १९६८ साली रोलिंग स्टोन्सनी ते ध्वनिमुद्रित केले, तेव्हा श्रेय जॅगर आणि रिचर्ड्स यांना दिले गेले. दुरुस्ती नंतर झाली.

दुसरा, नाव आहे, पण मोबदला नाही. एल्विस प्रेस्ली यांच्या १९५४ च्या पहिल्या तबकडीवर 'दॅट्स ऑल राइट' या गीताखाली आर्थर क्रुडप यांचे नाव स्वच्छ छापलेले होते. तरीही मोबदला वाटेतच मुरला. एल्विस जगज्जेते होत असताना क्रुडप व्हर्जिनियात शेतमजुरी करीत राहिले. १९७४ साली त्यांचे निधन झाले. थकबाकीची मोठी रक्कम त्यानंतर कुटुंबीयांच्या हाती पडली.

तिसरा, नावही आहे आणि मोबदलाही. क्रीम या त्रयीने १९६६ साली स्किप जेम्स यांचे 'आय ॲम सो ग्लॅड' गायिले आणि श्रेय त्यांनाच दिले. कर्करोगाने आजारी असलेल्या जेम्स यांना त्या रॉयल्टीचा आधार झाला. न्याय करणे त्या काळीही अशक्य नव्हते, एवढे या उदाहरणावरून सिद्ध होते.

'हे तर सर्वांचेच गीत!'

रॉकच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो, आणि तो पोकळ नाही. ब्लूज ही मौखिक परंपरा आहे. जात्यावरच्या ओव्या जशा एका गावातून दुसऱ्या गावात जातात, तशा ब्लूजच्या ओळीही एका गायकाकडून दुसऱ्याकडे जात. डिक्सन यांच्यासारख्यांनीही पूर्वसुरींकडून घेतलेच होते. मग मालकीचा आग्रह कशासाठी?

आमचे उत्तर सरळ आहे. गीत सर्वांचे असेल, तर ते कोणा एकाच्या नावावर नोंदता येत नाही. 'परंपरागत' असे लिहिणे हा एक मार्ग होता, मूळ गायकाचे नाव देणे हा दुसरा. परंतु घेताना परंपरा सर्वांची आणि नोंदविताना गीत आमचे, ही भूमिका टिकणारी नाही.

कायद्याची वाटही वाकडीच होती. १९०९ च्या कायद्यानुसार कृती प्रसिद्ध करताना स्वामित्वहक्काची सूचना देणे आवश्यक होते. अन्यथा हक्क बुडे. मग तबकडी विकणे म्हणजे गीत प्रसिद्ध करणे काय? जॉन ली हूकर यांच्या 'बूगी चिलन' या गीताच्या खटल्यात १९९५ साली अपील न्यायालयाने 'होय' असे उत्तर दिले आणि असंख्य जुन्या गीतांचे हक्क धोक्यात आले. १९९७ साली काँग्रेसने कायदा दुरुस्त केला: १९७८ पूर्वीची तबकडीविक्री हे गीताचे प्रकाशन मानले जाणार नाही. या दुरुस्तीमुळेच रोलिंग स्टोन्सनी गायिलेली रॉबर्ट जॉन्सन यांची दोन गीते बेवारस नाहीत, असा निर्णय २००० साली झाला. त्यांपैकी 'लव्ह इन व्हेन' १९६९ साली 'वूडी पेन' या टोपणनावाखाली छापले गेले होते. जॉन्सन १९३८ सालीच निवर्तले होते. त्यांचे पुत्र क्लॉड जॉन्सन खडी वाहणारा ट्रक चालवीत. १९९८ साली न्यायालयाने त्यांना वारस ठरविले. पित्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी!

नाव उच्चारण्याची रीत

डिक्सन १९९२ साली गेले. त्यांनी स्थापन केलेली ब्लूज हेवन फाउंडेशन ही संस्था आज शिकागोत २१२०, साउथ मिशिगन ॲव्हेन्यू येथे, चेस कंपनीच्या जुन्या वास्तूतच उभी आहे. जेथे गीते दिली, तेथूनच हक्कांची जाण देणारे कार्य चालावे, हे आम्हांला अत्यंत उचित वाटते. शिकागोस जाणाऱ्या कुटुंबांनी मुलांना ती वास्तू अवश्य दाखवावी.

आपल्या शाहिरांना हे सारे अपरिचित नव्हते. वामनदादा कर्डक गीताच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा गुंफीत. ज्यांच्यापाशी नोंदणीचा कागद नव्हता, त्यांनी गीताच्या पोटातच आपला सातबारा लिहून ठेवला. ते कडवे गाळले, की नावही गळते. म्हणून परदेशातील आपल्या प्रत्येक जयंती-सोहळ्यात गीत पूर्ण गायिले जावे आणि कार्यक्रमपत्रिकेवर गायकाच्या नावाआधी शाहिराचे नाव यावे, अशी आमची विनंती आहे. आणि मुले घरी रॉक ऐकत असतील, तर गीताखालचे ते बारीक नाव त्यांना मोठ्याने वाचावयास सांगावे.