टेनिस एल्बो : सुई मारून घेण्यापूर्वी

कोपराच्या बाहेरच्या बाजूला जे हाड हाताला लागते, त्यावर दाबले की कळ येते. भरलेला तांब्या उचलवत नाही, ओले धुणे पिळवत नाही. कापसाच्या हंगामात आमच्या तळेगावात ही तक्रार हमखास ऐकू येते. या दुखण्याला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात. नाव ऐकून रुग्ण हसतात, कारण टेनिसची रॅकेट त्यांनी कधी हातात धरलेली नसते. फवारणी पंपाचा दांडा मारणे, पऱ्हाट्या उपटणे, संत्र्याच्या फांद्या छाटणे, रोज वीस-पंचवीस पोळ्या लाटणे, एवढी कारणे पुरेशी आहेत. १८७३ साली रुंगे या जर्मन डॉक्टरांनी हे दुखणे प्रथम वर्णिले, तेही लेखन करणाऱ्यांच्या संदर्भात. टेनिसचे नाव पुढे चिकटले.

मनगट वर उचलणारे स्नायू ज्या दोरीसारख्या बंधाने या हाडाला जोडलेले असतात, तो बंध वारंवार ताण पडून झिजतो. पूर्वी याला सूज समजत. आता आपण जाणतो की जुन्या दुखण्यात सूज फारशी नसते. झिजलेला बंध नीट भरून येत नाही, हे खरे दुखणे.

रुग्णाची मागणी मात्र ठरलेली असते : “डॉक्टरसाहेब, एक सुई मारून द्या, वेचा आटोपला की बरं.” ही सुई म्हणजे स्टिरॉइडचे इंजेक्शन. त्याने आराम पडतो, आणि लवकर पडतो, हे मी नाकारीत नाही. पण पुढे काय होते ते पाहा. हॉलंडमधील १८५ रुग्णांवरील अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनी सुई घेतलेल्यांपैकी ९२ टक्के सुधारले होते, नुसती वाट पाहणाऱ्यांपैकी अवघे ३२ टक्के. वर्षाने पारडे फिरले : सुईवाले ६९ टक्के, वाट पाहणारे ८३ टक्के, व्यायामोपचार घेणारे ९१ टक्के! ऑस्ट्रेलियातील २०१३ च्या अभ्यासातही स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांचे दुखणे उलटले.

असे का होते? दुखणे थांबले की माणूस दुसऱ्याच दिवशी पंप खांद्याला लावतो. शिवाय स्टिरॉइडने बंध कमजोर होऊ शकतो. सुईच्या जागी कातडी पांढुरकी पडणे, खड्डा पडणे हेही घडते. मधुमेह असणाऱ्यांची साखर काही दिवस चढते. म्हणून पुन्हापुन्हा सुया घेणे मला मुळीच मान्य नाही. अगदीच अडले तर एखादी, तीही पुढचे समजून उमजून.

अलीकडे शहरात स्वतःचेच रक्त काढून, त्यातील प्लाझ्मा वेगळा करून कोपरात टोचतात. हा उपचार खर्चिक आहे. २०२१ साली ३२ अभ्यास एकत्र तपासले असता त्याचा लक्षात घेण्याजोगा फायदा आढळला नाही. त्यासाठी संत्र्याच्या पैशाला हात लावू नये.

सचिन तेंडुलकरलाही याच दुखण्याने गाठले होते. ऑक्टोबर २००४ मध्ये तो नागपूरच्या कसोटीत परतला, पण दुखणे हटले नाही. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नागपुरातच त्याने श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा केल्या. पण शस्त्रक्रियेची पाळी फार थोड्यांवर येते.

मग करावे काय? हात टेबलावर ठेवून मनगट कडेबाहेर सोडावे, तळवा खाली. अर्धा किलोचे वजन धरावे, दुसऱ्या हाताने मनगट वर उचलून द्यावे व हळूहळू खाली सोडावे. पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. थोडे दुखेल, ते चालते. दुसऱ्या दिवशी दुखणे वाढले तर वजन कमी करावे. फळ तीन महिन्यांनी दिसते, म्हणून बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात! वजन उचलताना तळवा वर ठेवावा, पंपाचा हात बदलत राहावा. कोपराखाली बांधायच्या पट्ट्याने काहींना बरे वाटते.

बोटांना मुंग्या येत असतील, मान दुखत असेल, कोपर सुजून गरम झाले असेल किंवा हात सरळ होत नसेल, तर हे दुखणे वेगळे असू शकते. व्यायाम न करता आधी डॉक्टरांना दाखवावे. गरज पडल्यास सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहेच.