हलच्या गाण्यांना लीड्सचा बास

‘लाइव्ह अ‍ॅट लीड्स’ हा ‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडचा अल्बम १९७० साली आला, तेव्हा त्यात जेमतेम सहा गाणी होती. आधीच्या अमेरिका दौऱ्यातल्या टेप्सचा ढीग ऐकणं अशक्य वाटल्याने गिटारवादक पीट टाउनसेंडने त्या जाळून टाकायला सांगितल्या होत्या. ही हकीकत त्यानेच पुढे सांगितली. मग १४ फेब्रुवारीला लीड्स विद्यापीठाचं भोजनगृह आणि दुसऱ्या दिवशी हल शहराचा सिटी हॉल, असे दोनच कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचं ठरलं.

लीड्सच्या टेपवर अधूनमधून ‘कट्-कट्’ असा खरखरीचा आवाज आला होता. तो काढायची सोय नव्हती, म्हणून तबकडीच्या लेबलवरच लिहिलं गेलं की ही खरखर आहे तशी राहू द्यावी. असा आवाज गाळून का टाकता येत नाही? पंख्याची किंवा विजेची घरघर ठराविक वारंवारतेवर असते, तेवढाच पट्टा फिल्टरने कमी करता येतो. ‘कट्’ मात्र एखाद्या मिलीसेकंदाचा झटका. जो आवाज वेळेत इतका आखूड, तो वारंवारतेत तितकाच पसरतो. फिल्टर लावला, तर गाणंही कापलं जातं.

उपाय संगणकाने दिला. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, म्हणजे एका मिलीसेकंदात ४४. बिघडलेले तेवढेच नमुने टाकून द्यायचे आणि अलीकडच्या-पलीकडच्या लहरींच्या चालीवरून मधले नवे मोजून भरायचे. १९९५च्या वाढीव आवृत्तीत ही खरखर अशी डिजिटल तंत्राने काढली गेली.

हलची अडचण याहून मोठी होती. तिथल्या टेपवर सुरुवातीच्या काही गाण्यांत जॉन एन्टविसलचा बास गिटारच सापडला नाही. म्हणून तो कार्यक्रम चाळीस वर्षं पडून राहिला. २०१०मध्ये तो प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या गाण्यांत आदल्या रात्रीचा, लीड्सचा बास बसवलेला होता.

हे काम सोपं नाही. आठ ट्रॅकच्या टेपवर बास स्वतंत्र ट्रॅकवर असल्याने तो उचलता येतो. पण मंचावर लय कुठलं यंत्र धरत नाही. ड्रमर कीथ मून तर एकाच गाण्यात पुढेमागे होई. दोन ठोके साधारण ३० मिलीसेकंदांहून जास्त सरकले, की कानाला ते सुटे वाटू लागतात. त्यामुळे बास तुकड्यातुकड्याने ताणून, आवळून मूनच्या ठोक्यांखाली बसवावा लागतो.

या दोन दुरुस्त्या मला एका तोलाच्या वाटत नाहीत. खरखर काढली, तरी वाजवणाऱ्यांचा एकमेकांशी चाललेला संवाद शाबूत राहतो. बास बदलला, की तो तुटतो. मैफलीत तबलजी गवयाच्या हरकतीला तिथल्या तिथे उत्तर देतो, तसा एन्टविसल मूनला उत्तर देत असे. इथे मात्र तो उत्तर देतोय आदल्या रात्रीच्या मूनला. काम इतकं बारकाईचं आहे, की कळल्याशिवाय कुणाला शंकाही येऊ नये. म्हणूनच असा बदल कुठल्या गाण्यांत आहे, हे अल्बमसोबत छापून द्यायला हवं असं मला वाटतं. पुढच्या गाण्यांत हलचाच बास आहे. दोन्ही शहरांची तीच गाणी पाठोपाठ ऐकली, की मूनने वाट बदलताच एन्टविसल कसा वळतो, ते तिथे स्पष्ट ऐकू येतं.