रॉकेट मास हीटर बनवताय? आधी ओट्यात काय भरायचं ते ठरवा

डिसेंबरात तोरणमाळला मुक्कामी होतो. चूल विझली आणि थोड्याच वेळात खोली गारठली. नंदुरबार जिल्ह्यातल्या या सातपुड्याच्या पट्ट्यात, डाबकडे तर कधी कधी दवसुद्धा गोठतं. अशा ठिकाणी रॉकेट मास हीटर कामाचा. थोडी लाकडं जोरात जळतात, गरम धूर नळीतून जड ओट्याच्या पोटात फिरतो आणि मग बाहेर जातो. ओटा म्हणजे उष्णतेची पॉवर बँक! पण तिच्यात भरायचं काय?

पाणी: एक किलो पाणी एक अंशाने तापायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. दगड, वीट, वाळूला साधारण ०.८. म्हणजे साठवणूक भारी. पण बंद पिंपात वाफ कोंडली तर स्फोट होऊ शकतो.

कोरडी वाळू: कणांमधली हवा उष्णता अडवते. नळीजवळची वाळू तापते, बाकीची गारच.

काळा दगड: मी हाच निवडेन. सातपुड्यात सहज मिळतो, जड आणि घट्ट असतो. मधल्या फटी चिखलाने गच्च भरा. नदीतला ओला दगड मात्र नको. तापल्यावर फुटू शकतो.

हिशोब बघा: ५०० किलो दगड ४० अंशांनी तापला, तर १ किलोवॅटचा हीटर साडेचार तास चालेल एवढी उष्णता साठते.

आणि धुराची नळी घराबाहेरच काढा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतच जीव जाऊ शकतो.